गाण्याचा सदतिसावा समानार्थी शब्द

राष्ट्र किती थोर, हे त्याच्याकडे एकाच गोष्टीला किती शब्द आहेत यावरून ठरतं. रोमानियाच्या शब्दसंग्रह मंडळाला हे कधीच पटलं होतं, आणि एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी 'गाणं' हा शब्द विचारार्थ घेतला. (त्याआधीची अकरा वर्षं 'खुर्ची'त गेली होती.)

मंडळाला गाण्याचे सदतीस समानार्थी शब्द सापडले. बाळ झोपावं म्हणून म्हणतात ते; बाळ झोपल्यावर आई एकटीच म्हणत राहते ते; नवरीचे केस विंचरतानाचं; गवत कापतानाचं; फौजेत निघालेल्या पोराला वेशीपर्यंत पोचवतानाचं; आणि पोचवून परत येताना कुणालाच सुचत नाही ते. (या शेवटच्यावर उपसमिती अजून बसलेली आहे.)

सदतिसावा शब्द उत्तरेच्या डोंगरातल्या एकाच गावात उरला होता. मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून, त्याचं नाव घेऊन बाई म्हणते, ते गाणं. नियम चौदाप्रमाणे प्रत्येक शब्दाचं ध्वनिमुद्रण तीस जूनच्या आत व्हायला हवं होतं, नाहीतर शब्द खोडला जाणार होता. गावानं हे मनावर घेतलं. वेशीवर 'शब्दाचं गाव' असा फलकही रंगवून झाला.

अडचण एकच होती. ते गाणं आता फक्त पलाघियामावशीला येत होतं, आणि घरात मयत नसताना ती ते म्हणत नसे. "उगाच म्हटलं तर गाणं आपलं माणूस शोधत फिरतं," असं तिनं सरपंच कोद्रेआला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

तेव्हा गावाला तीस जूनच्या आत एक मृत्यू हवा होता. सोयीचा माणूस एकच होता. नुत्सु, वय एक्क्याण्णव, मुक्काम चर्चमागचं लाकडी घर, प्रकृती दुर्दैवानं ठणठणीत.

त्याची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्याच्या अंगणात पाऊल टाकणाऱ्यांची संख्या वर्षाला सरासरी चार. (पैकी दोनदा तीच शेळी.) मे महिन्यात ही संख्या दिवसाला नऊवर गेली.

"आबा, खोकला काय म्हणतोय?" सरपंच रोज सकाळी विचारी.

"गेला की."

"अरेरे," सरपंच म्हणे. "म्हणजे, बरं झालं."

शेजारची इलेआना, जिनं कधी चिमूटभर मीठ उसनं दिलं नव्हतं, ती डुकराच्या चरबीत तळलेले बटाटे आणू लागली. डॉक्टरांनी चरबी बंद केली होती, ते तिच्या चांगलं लक्षात होतं. पाद्रीबाबा जाता जाता म्हणाले, "घाई नाही हं, पण महिनाअखेरीला मी बाहेरगावी आहे." गावाच्या कचेरीत त्याच्या नाडीचा तक्ता लागला. नाडी सुधारली की कचेरीत कुणी कुणाशी बोलत नसे.

नुत्सुला सगळं समजत होतं. पण संध्याकाळी बाकड्यावर चार माणसं बसलेली असत, आलुबुखाऱ्याच्या दारूचा पेला फिरत असे, आणि कुणीतरी त्याच्या पायांवर घोंगडी सारखी करत असे. मेलो तर हे बघायला आपण नसू, आणि नाही मेलो तर हे नसतील, एवढाच त्याचा हिशेब होता. तो काही केल्या सुटत नव्हता.

अठ्ठावीस जूनला मंडळाच्या डॉ. मिरोनेस्कू बाई यंत्र घेऊन आल्या. नुत्सुला धडधाकट पाहून त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी नियम काढून दाखवले. मयत माणूस मेलेला असावा, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ठराव झाला: 'मयतसदृश व्यक्ती चालेल.'

नुत्सुनं धुतलेला सदरा घातला आणि तो पलंगावर आडवा झाला. बोलावणं त्यानं स्वतः धाडलं होतं, म्हणून पलाघियामावशी आली. खोलीत सगळं गाव दाटीवाटीनं उभं होतं.

"नुत्सुदादा, लाज नाही वाटत?" मावशी म्हणाली. "गालावर लाली आहे नुसती."

"म्हण गं एकदा," नुत्सु डोळे मिटूनच म्हणाला. "मेल्यावर ऐकू येत नाही म्हणतात. आणि बघ ना, सगळे आलेत."

मावशीनं सगळ्यांकडे बघितलं. एकेक चेहरा, सावकाश. मग डोक्यावरचा रुमाल सोडला, केस मोकळे केले, स्टूल फिरवलं, आणि पलंगाकडे पाठ करून, तोंड गावाकडे करून ती बसली.

"ऊठ रे कोद्रेआ बाळा, ऊन माथ्यावर आलं,
तुझ्या कुरणात गवत उभं, पातं गंजून गेलं.
कुणाची वाट बघत बसलास कुणाच्या रे दारात?
दिवा विझून थंड झाला तुझ्याच की घरात."

मग इलेआना. मग पाद्रीबाबा. मग डॉ. मिरोनेस्कू, हुद्द्यासकट. चाळीस मिनिटं तिनं एकेकाचं नाव घेऊन रडून दिलं. नुत्सु सोडून कुणीही वगळलं गेलं नाही.

ध्वनिमुद्रण उत्कृष्ट झालं. बाईंनी डोळे पुसले आणि 'अस्सल' या रकान्यात खूण केली. सरपंचानं आपल्या नावाचं स्पेलिंग कोशात बरोबर पडेल ना, तेवढं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नुत्सुकडे कुणी आलं नाही. संध्याकाळी पलाघियामावशी मक्याची उकड घेऊन आली. "खा," म्हणाली, "चरबी नाही घातली."

सदतिसावा शब्द आता कोशात आहे. उदाहरण म्हणून पूर्ण गाणं दिलं आहे, मात्र शेवटचं कडवं अपुरं आहे. ते तिनं खोलीत नसलेल्या कुणासाठी तरी म्हटलं होतं. जो ना गावचा ना नात्याचा, तरी लांब कुठंतरी आरामात बसून, म्हातारा आता जातो की मग जातो, हे ओळीमागून ओळ बघत आला. नाव तिला ठाऊक नव्हतं, म्हणून मंडळानं तेवढी जागा कोरी सोडली आहे. वाचकानं तिथं स्वतःचं नाव सुवाच्य अक्षरांत लिहावं.