‘आंधळ्या बगळ्या’चा छान इतिहास

कोणत्याही संस्थेचा सुवर्णकाळ ती बंद पडल्यावर सुरू होतो. चालू असेपर्यंत तिच्यात फक्त त्रुटी असतात. इंग्लंडमधल्या लिटल थ्रॉपिंग या आमच्या गावातल्या ‘आंधळा बगळा’ नावाच्या पबचा सुवर्णकाळ नुकताच सुरू झाला असून, त्याचा इतिहास लिहून काढण्याची कामगिरी ग्रामस्थांनी एकमताने माझ्यावर सोपवली आहे. (एकमत झालं, कारण त्या सभेला मी गेलो नव्हतो.) मी मूळचा महाराष्ट्रातला, आता इथला निवृत्त डॉक्टर. तीसेक वर्षं या गावाचे गुडघे आणि घसे तपासले. त्यामुळे गावाला आतून ओळखणारा माणूस म्हणून माझी निवड झाली असावी.

पब म्हटलं की आपल्याकडच्या वाचकांना फिरते दिवे आणि नाचणारी तरुण मंडळी आठवतात. इथे तसलं काही नव्हतं. बसक्या छताची एक खोली, शेकोटी, चार बाकडी आणि एक म्हातारा कुत्रा, एवढाच सरंजाम. त्याला गुत्ता म्हणणंही चूक ठरेल. गुत्त्यात लोक जातात.

नावाची हकिकत अशी सांगतात की, पाटी रंगवणाऱ्याने काम संपल्यावर प्यायची बिअर कामाआधी घेतली, आणि बगळ्याचा डोळा पाटीवर न रंगवता शेजारच्या भिंतीवर रंगवला. पाटी दुरुस्त करावी, अशी सूचना दर पिढीत एकदा येई आणि दर पिढी तिचा गांभीर्याने विचार करून मरून जाई.

आता मालकांविषयी. पब चालवणाऱ्याला इकडे मालक म्हणतात. जागा त्याची नसते, ती बिअर गाळणाऱ्या कंपनीची. बिअरही कंपनीची. गिऱ्हाईक कुणाच्या बापाचं नसतं. मालकाचं स्वतःचं असं फक्त नाव असतं, ते दारावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. प्रत्येक मालकाच्या आयुष्यात दोनच कालखंड येतात. पहिल्यात तो गावाला नकोसा असतो आणि दुसऱ्यात तो गावात नसतो.

पहिला ज्ञात मालक जोसाया रॅग. हा बिअरमध्ये पाणी घालतो, अशी चर्चच्या मंडळींत कुजबुज होती. तो गेल्यावर त्याच्या बिअरचा हलकेपणा नावाजला जाऊ लागला. त्यानंतरचा थ्रेल हा गिऱ्हाइकांना कॉलर धरून बाहेर काढी. हयातीत त्याला रानटी म्हणत, नंतर ‘काय तो करारी माणूस!’ म्हणू लागले. मधले दहा-बारा मालक मी गाळतो आहे. त्यांच्याबद्दल गावाला काहीच आठवत नाही, म्हणजे ते बहुधा चांगले असावेत.

माल्कम टिड मात्र गाळता येत नाही. हा पूर्वी रेल्वेच्या कचेरीत होता. इंग्रज माणूस बसथांब्यावर एकटा असला तरी रांगेत उभा राहतो, हे जगजाहीर आहे. पण पबच्या फळीपाशी, म्हणजे जिथून मालक बिअर देतो त्या काउंटरपाशी, तो रांग लावत नाही. तिथे सगळे आडवे पसरून उभे राहतात, कुणी कोपर टेकतं, कुणी भुवई उचलतं, आणि कोण कोणाच्या आधी आलं ते मालकाने मनात धरायचं असतं. ही अदृश्य रांग सांभाळणं हीच मालकाची खरी विद्या. टिडने तिथे पितळी खांब रोवून मधून लाल दोरी बांधली. त्या संध्याकाळी सारं गाव मुकाट्याने दोरीमागे उभं राहिलं. प्रत्येक जण टिडला म्हणाला, “छान सोय केलीत हो!” आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकलं नाही. काय बिनसलं हे बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. जाताना तो खांब घेऊन गेला. आज टिडचं नाव निघालं की लोक म्हणतात, ‘त्याच्या वेळी शिस्त होती.’

इथे ‘छान’ या शब्दाची व्याख्या देणं भाग आहे, कारण आमचा पुढचा सगळा इतिहास त्याच्यावरच घसरून पडला. थ्रॉपिंगमध्ये पदार्थ अप्रतिम झाला, तर म्हणतात, ‘वाईट नाही.’ बरा झाला, तर गप्प बसतात. बिघडला, तर ‘छान’. खाववत नसला, तर ‘फारच छान’. आणि ‘काहीतरी वेगळंच आहे’ असं कुणी म्हणालं, तर मी दवाखाना उघडून बसत असे. तक्रार करणं हा इथे असभ्यपणाचा कळस. मिस्टर क्रॅब छातीत कळ येऊन माझ्यासमोर खुर्चीतून खाली घसरले, तेव्हा त्यांचे शेवटचे शब्द ‘तक्रार नाही’ असे होते. (त्यांच्या समाधीच्या दगडावर तेच कोरलं आहे.)

अशा गावात बेव्हर्ली मॅकगर्क ही बाई लिव्हरपूलहून पब चालवायला आली. लिव्हरपूलला माणसं तोंडावर बोलतात. एखाद्याने छान म्हटलं की ते छान असतं, आणि भिकार म्हटलं की ताट परत येतं. बेव्ह विधवा होती, हसरी होती, हाताला चव होती. होतं नव्हतं ते विकून आली होती. आल्या आल्या तिने भाजलेल्या बीफचं ताट केलं. डेनिस ट्रिप्लो हे आमचे निवृत्त कालवे अभियंता. त्यांनी बशी जवळजवळ चाटली आणि ते म्हणाले, “वाईट नाही.” हिल्डा कॉडलिंग या चर्चमध्ये फुलं मांडणाऱ्या बाई. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याही म्हणाल्या, “वाईट नाही.”

बेव्ह स्वयंपाकघरात जाऊन बसली. पुढच्या आठवड्यापासून बीफ बंद.

मग कुणीतरी तिला सांगितलं की, इकडे पूर्वी वाम माशाचा पाय करत. (माशाला पाय नसतात हे मला माहीत आहे. हा खायचा पाय: खाली मासा, वर मैद्याचं झाकण, बाजूला कोथिंबिरीच्या एका चुलतबहिणीचा हिरवा पातळ रस.) पूर्वी करत हे खरंच होतं. पूर्वी गावात दुसरं काही मिळत नसे. बेव्हने तो केला. झाकण फोडताच आतून असा काही वास आला की कुत्रा उठून बाहेर गेला. डेनिस म्हणाले, “छान.” हिल्डाबाई म्हणाल्या, “फारच छान!” एकूण एक माणूस छान म्हणाला. बेव्हला आकाश ठेंगणं झालं.

तेव्हापासून दर गुरुवारी पाय. मग गुरुवारी आणि शुक्रवारी. एवढं एकमुखी कौतुक दुसऱ्या कशाचंच होत नाही म्हटल्यावर बाकीचे पदार्थ एकेक करून फळ्यावरून पुसले गेले. गिऱ्हाईक जसजसं कमी होत गेलं, तसतशी ती पायावर अधिक मेहनत घेऊ लागली. तर्काच्या दृष्टीने तिचं काहीच चुकत नव्हतं.

शेवटी बिअर कंपनीचा माणूस आला, रिकामी बाकडी पाहून गेला, आणि कळवता झाला की हिवाळ्यापर्यंत गर्दी दिसली नाही, तर पब विकून तिथे सदनिका काढण्यात येतील.

गाव पेटून उठलं. ‘आंधळा बगळा बचाव समिती’ स्थापन झाली आणि डेनिस अध्यक्ष झाले. समितीच्या बैठका डेनिसच्या दिवाणखान्यात, सुपरमार्केटमधून आणलेल्या बिअरवर होत. पबमध्ये बैठक घेतली तर समिती पक्षपाती दिसेल, असा मुद्दा निघाला होता. समितीने टी-शर्ट छापले. चर्चच्या गायकवृंदाने एक आर्त गाणं बसवलं. गावात पाहणी झाली, तिचे निष्कर्ष असे: पब हे गावाचं हृदय आहे असं मानणारे शेकडा शहाण्णव, हृदय आणि फुप्फुसं आहे असं मानणारे तीन, आणि एका टक्क्याच्या घरी कुत्रा अंगावर आला. ‘तुम्ही पबमध्ये शेवटचे कधी गेला होता?’ हा प्रश्न खाजगी म्हणून वगळण्यात आला. निवेदनावर गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त सह्या झाल्या, त्यात मिस्टर क्रॅबचीही होती.

एका बैठकीला बेव्ह स्वतः आली. दारातच उभी राहिली, हातात सुपरमार्केटच्या बिअरचा रिकामा डबा. तो तिने पायरीवरून उचलला होता.

“तुमचे उपकार आहेत बाबांनो,” ती म्हणाली. “पण मला सह्या नकोत. काय चुकतंय तेवढं सांगा. मी बदलते. आत्ता, उद्यापासून बदलते.”

“अगं, चुकतंय कुठे?” हिल्डाबाई म्हणाल्या. “सगळं कसं छान आहे!”

“मग येत का नाही कुणी?”

“थंडी किती पडलीय बघ ना,” डेनिस म्हणाले. ऑगस्ट महिना होता.

“पाय आवडत नाही का? तसं असेल तर तोंडावर सांगा. मी काय रडत बसणार नाही.”

कोणीतरी घसा साफ केला. मी भिंतीवरचं कालव्याचं चित्र पाहू लागलो.

“पाय?” हिल्डाबाई जवळजवळ किंचाळल्या. “पाय तर फारच छान असतो, बेव्ह!”

“खरं?”

“म्हणजे काय! काहीतरी वेगळंच असतं,” डेनिस म्हणाले.

बेव्हचा चेहरा उजळला. “मग ठरलं तर. उरलेसुरले सगळे पैसे घालते त्यात. पायाचा उत्सवच करू या! आठवडाभर, रोज!”

एक शब्द पुरला असता. पण अशा प्रसंगी थ्रॉपिंगचा माणूस काय धैर्याने गप्प बसतो, ते पाहायलाच हवं. डेनिस उठले आणि म्हणाले, “उत्तम कल्पना.” ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी मी गेलो. मी एकटाच होतो. शेकोटी धडधडत होती, पताका लावल्या होत्या, आणि स्वयंपाकघरात वाम माशांच्या टोपल्यांवर टोपल्या होत्या. बेव्हने पाय माझ्यासमोर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

“डॉक्टर,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही बाहेरचे, मी बाहेरची. ही माणसं काय बोलतात ते मला समजेनासं झालंय. तुम्ही तरी खरं सांगा. कसा आहे?”

मी एक घास घेतला. मग तिच्याकडे पाहिलं. निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यापुढे उभ्या पोरांचे डोळे लागतात, तसे बाईचे डोळे माझ्याकडे लागले होते. माझ्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं, घासाच्या अगदी शेजारी.

“छान,” मी म्हणालो.

या देशाचं नागरिकत्व मला कागदोपत्री फार पूर्वी मिळालं होतं. खरं मिळालं ते त्या संध्याकाळी.

पबचा शेवटचा दिवस अविस्मरणीय झाला. सारं गाव लोटलं, शेजारच्या दोन गावांतूनही माणसं आली, उभं राहायला जागा नव्हती. संध्याकाळ व्हायच्या आत बिअर संपली, त्याबद्दल लोकांनी आपसांत नापसंती व्यक्त केली. (बेव्हला कुणी बोललं नाही.) गायकवृंद गायला. कंपनीचा माणूस ती गर्दी पाहून चक्रावला, पण कागद झालेले होते. डेनिसनी बेव्हला पबचं एक चित्र भेट दिलं आणि ती या पबच्या इतिहासातली सर्वांत थोर मालकीण होती, असं सांगितलं. इतिहास संपायला अजून तासभर होता, तरी डेनिसनी भूतकाळ वापरला.

मग बेव्ह बोलायला उभी राहिली.

“आता जातेच आहे, तर एक सांगून टाकते,” ती म्हणाली. “मला स्वतःला तो वाम मासा मुळीच सोसत नाही. वासाने मळमळतं. इतकी वर्षं नाकाला फडकं बांधून करत होते. का, तर तुम्हांला आवडतो. माणसांना आवडतं ते करावं म्हणून.”

डेनिसनी माझ्याकडे पाहिलं, मी हिल्डाबाईंकडे पाहिलं, हिल्डाबाईंनी छताकडे पाहिलं. निदान आता तरी कुणीतरी बोलेल, असं मला वाटलं. मीच बोलावं, असंही वाटलं. हिल्डाबाईंनी डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, “काय छान बोलली!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

बेव्ह लिव्हरपूलला बहिणीकडे राहते. कुठल्याशा शाळेत मुलांना जेवण वाढते, असं ऐकलं. त्या रात्री घरी येऊन मी रडलो, हे इथे नोंदवून ठेवतो. इतिहासकाराने रडू नये असा नियम नाही.

पबच्या जागी आता ‘बगळा निवास’ आहे. समिती मात्र जोमात आहे, सभासद वाढताहेत. दर गुरुवारी डेनिसकडे सगळे जमतात, आणि कुणी ना कुणी डोळे मिटून म्हणतंच, “बेव्हचा तो पाय... वाईट नव्हता.”

वाचकहो, तुम्ही हसलात. काय ही माणसं, एक खरा शब्द बोलायला यांची जीभ झडली होती काय, असंही तुमच्या मनात आलं असेल. हे पुस्तक तुम्ही कुणाच्या तरी कपाटातून उचलून आणलंत, ते असू दे. मराठी पुस्तकं जगली पाहिजेत, या सभेत तुम्ही पहिल्या रांगेत होतात, तेही असू दे. मधल्या दोन पानांवर तुम्हांला डुलकी लागली, त्याचाही मला राग नाही. पण भारतात आलो की कुठल्या तरी लग्नात आपली गाठ पडणार आहे, आणि मी न राहवून विचारणार आहे, कथा कशी वाटली. तुम्ही ताटातल्या मठ्ठ्याच्या वाटीकडे पाहत जे म्हणाल, त्यावर मी विश्वास ठेवीन, आणि घरी जाऊन अगदी अशाच आणखी बारा लिहीन.