शाई विरघळते

सरावलीत आमच्या शेजारी राहणारे तांडेलकाका पेन वापरत नाहीत. कानावर कायम पेन्सिल. सोसायटीच्या वहीत सहीसुद्धा पेन्सिलीनेच. सेक्रेटरीने पेन पुढे केलं, की हात झटकतात, "शाई विरघळते, भाऊ!" कशात विरघळते, हे विचारायची सोय नाही. विचारलं, की विद्यापीठ सुरू होतं.

काका समुद्रकाठच्या मच्छीमारांतले, पण नोकरी झाली एका मोठ्या सरकारी विद्यापीठात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून. 'आमचं विद्यापीठ' म्हणताना मात्र ते थेट कुलगुरू असतात. "आमच्याकडे असा मायक्रोस्कोप हाय, मुंगीच्या पायावरचे केस मोजून घ्या! लायब्ररीत नुसत्या माशांच्या कानातल्या खड्यांवर पुस्तकं हायत!"

तो खडा आम्हाला दाखवलाच त्यांनी. आम्ही मूळचे कराडचे, मासे करायला इथे येऊन शिकलो. त्यांना हौसेने घोळीच्या कालवणाला बोलावलं, तर त्यांनी डोक्याच्या तुकड्यातून पांढरा खडा काढला, पुसला, उजेडात धरला. "हा कापून बघितला का वय कलतं. चारेक वर्षांची असेल बिचारी."

माझ्या बायकोचा घास हातातच राहिला. "काका, जेवताना वाढदिवस नका हो काढू!"

विहिरीचं पाणी असो की जिन्यातला किडा, "नमुना घेतला पायजे" म्हणत काका बाटली घेऊन हजर. त्यामुळे अख्खी बिल्डिंग त्यांनाच 'नमुना' म्हणते. काकांना तो मान वाटतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. विभागातल्या जुन्या बाटल्यांची यादी कॉम्प्युटरवर चढतेय, आणि ज्या बाटलीतली चिठ्ठी वाचता येत नाही, तिच्यापुढे 'संग्राहक अज्ञात' असं लागणार. काकांचं जेवण सुटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, तुमी चला माझ्याबरोबर."

गेलो. काय वैभव आहे हो! कपाटंच्या कपाटं, त्यांत स्पिरिटमधले मासे, खेकडे, आणि प्रत्येक बाटलीत काकांच्या अक्षरातली चिठ्ठी, काल लिहिल्यासारखी. काका त्या खोलीत ताठ चालत होते. एका बाटलीपाशी थांबले. आत वीतभर मासा आणि कोरी चिठ्ठी.

"हा कोणी आणला, काका?" यादी करणाऱ्या संशोधक मुलीने विचारलं.

"माझ्या बायकोनं. हिराबाई. बोंबील वाळत घालताना तिला गावला. म्हणाली, हा आपल्या दर्याचा नाय. मी डब्यात घालून इथं आणला. आमच्या विभागाच्या सरांनी दोन दिवस पुस्तकं चाळली, तिचंच खरं निघालं. या किनाऱ्यावर त्याची नोंदच नव्हती."

"मग चिठ्ठी कोरी कशी?"

काकांनी बोटाने बाटलीवरची धूळ पुसली. "बाकी सगळ्या पेन्सिलीनं लिवल्या. स्पिरिटमदी पेन्सिलच टिकते, मला म्हायत होतं. पण बायकोचं नाव पेन्सिलीनं कसं लिवायचं? सरांचं शाईचं पेन मागून घेतलं."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. आणि आम्ही इतके दिवस त्या पेन्सिलीला हसत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

मुलगी अवघडून म्हणाली, "काका, नुसत्या सांगण्यावर नाव नाही घालता येत. लेखी नोंद लागते."

"मग काढ ना नोंदवही!" काका एकदम कुलगुरू झाले. "हे विद्यापीठ हाय, पोरी. इथं काय हरवत नाय."

आणि नोंदवही निघाली! बाटलीचा नंबर जुळला. पुढे सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'संग्राहक: श्रीमती हिराबाई तांडेल'. मुलीने मोठ्याने वाचलं.

"परत वाच," काका म्हणाले. तिने परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

नाव कॉम्प्युटरवर चढलं. मग तिने नवी कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि मानाने स्वतःचं पेन दिलं. काकांनी ते बाजूला सारून कानावरची पेन्सिल काढली आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं.

"रेशनकार्डावरसुद्धा तिचं नाव चुकवलं होतं," ते म्हणाले. "इथं बरोबर ऱ्हाईल."