खिम्यावरचा गिलावा

रविवारी सकाळी सात वाजता मिस्तरी स्वयंपाकघरात शिरले ते हातात पाणसळ घेऊनच. मिस्तरीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुठली भिंत कललीय?"

"भिंत नाही. ओव्हन."

ओव्हन खरंच उजवीकडे दोन सूत कलला होता. अकरा वर्षं तो तसाच कललेला होता आणि बाईंचे अकरा वर्षांचे केक त्यात गुण्यागोविंदाने भाजले गेले होते. मिस्तरींनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला, आणि मगच ते म्हणाले, "हं. आता पाया झाला."

या सगळ्याचं मूळ चार महिन्यांपूर्वीच्या एका जेवणात होतं. होणारी सून पहिल्यांदा घरी आली. मुलगी गोड, बोलकी, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी. सगळे जेवायला बसले आणि तिने पिशवीतून स्वतःचा डबा काढला. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी ती तीन दिवस अंथरुणाला खिळायची. "काकू, मनाला लावून घेऊ नका हं, मी सगळीकडेच डबा नेते," ती म्हणाली. काकूंनी नाही लावून घेतलं. काकांनी घेतलं.

"तीनशे घरं बांधली मी," त्या दिवसापासून ते कोणालाही, अगदी गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही सांगायचे, "आणि माझ्याच घरी माणूस स्वतःचं छप्पर घेऊन येतं."

शेवटी मुलाने एक पाककृती छापून आणली. शेफर्ड्स पाय. खाली मटणाचा खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, मग ओव्हन. रस्सा दाट करायला मैदा लागतो, तिथे कॉर्नफ्लॉर घालायचं, की झालं गव्हाशिवायचं जेवण.

मिस्तरींनी कागद दोनदा वाचला. "खाली भरणी, वर गिलावा. हे तर आपलंच काम."

शनिवारीच गव्हाची हकालपट्टी सुरू झाली होती. कणकेचा डबा वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेला. पाव गेला. लाटण्याच्या लाकडात कणीक मुरलेली असणार म्हणून लाटणं गच्चीत गेलं. मिस्तरींनी फळ्या तीनदा धुतल्या आणि चौथ्यांदा बॅटरी मारून कोपरे तपासले. मग त्यांनी सॉसची बाटली भिंगाखाली धरली, आणि शेवटच्या ओळीत, मुंगीच्या अक्षरांत, गहू सापडला.

"बघ," ते म्हणाले. "चोर नेहमी तळघरात राहतो."

बाटलीही वर गेली. बाई लटक्या रागाने बघत होत्या, पण खरं सांगायचं तर त्यांना या माणसाचं कौतुक वाटत होतं. लग्नात त्याने त्यांच्यासाठी साधी खुर्ची पुसली नव्हती. पण कामाला भिडला की मग त्याच्यासारखा तोच.

खिमा झकास झाला. कांदा, गाजर, मटार, सगळं मापाचं. बटाटा त्यांनी असा घोटला की त्यात गुठळी शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस लावावं. मग कोरी करकरीत थापी कागदातून बाहेर आली. दहा मिनिटांत खिम्यावर असा पृष्ठभाग चढला की बाईंना त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसायला लागलं.

"अहो, कागदावर लिहिलंय, वरून काट्याने रेघोट्या ओढा."

"कशाला?"

"वाफ जायला असेल. आणि कुरकुरीत होतं म्हणे."

"चाळीस वर्षांत माझ्या गिलाव्यावर कोणी ओरखडा काढलेला नाही," मिस्तरी शांतपणे म्हणाले. "आता मीच काढू?"

बाई आंघोळीला गेल्या. परत आल्या तेव्हा भांड्यावर ओलं फडकं होतं आणि मिस्तरी चुळक्याचुळक्याने पाणी शिंपडत होते.

"हे काय?"

"तराई. गिलाव्याला पाणी पाजलं नाही तर तो तडकतो."

"अहो, तो बटाटा आहे."

मिस्तरींचा हात हवेत थांबला. चाळीस वर्षांची सवय. मेंदूला विचारायला ती थांबत नाही. "जास्त नाही पाजलं," ते म्हणाले. "तीनदाच."

भांडं ओव्हनमध्ये गेलं. साडेबारा वाजता बाईंनी काचेतून पाहिलं.

"अहो, फुगतंय."

मिस्तरी गुडघ्यांवर बसले. गिलाव्याला फुगवटा धरला होता. खाली वाफ कोंडलेली, वर पाणी प्यालेला बटाटा, आणि बाहेर पडायला सुईएवढी वाट नाही. मग आतून 'फस्स' आवाज आला. स्लॅबला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली आणि रश्श्याची चिळकांडी काचेवर उडाली.

होणारी सून एक वाजता जेवायला येणार होती. बटाटे संपले होते. बाई धावत वर गेल्या आणि शेजारणीचे तीन उकडलेले बटाटे घेऊन आल्या. मिस्तरींनी एक हातात घेऊन उजेडाकडे धरला. सालीवर पांढरी बोटं उमटली होती.

"ती कणीक मळत होती?"

"हो. पण धुऊन, सोलून घेऊ की."

मिस्तरींनी बटाटे परत त्यांच्या हातात ठेवले. "काम बिघडलं तर तोडून परत करता येतं. माणूस आजारी पडलं तर काय तोडून परत करणार?"

त्यांनी भांडं ओव्हनमधून बाहेर काढलं. मग त्यांनी खण उघडला, काटा काढला, आणि स्वतःच्या हाताने, कडेपासून कडेपर्यंत, स्वतःचा गिलावा ओरबाडला. बटाटा सरकत सरकत भेगेवर आला आणि भेग बुजली. बाईंनी दुसरीकडे पाहिलं. पुरुषमाणूस अशा वेळी एकटा बरा. मग भांडं परत ओव्हनमध्ये गेलं.

एकला पाच कमी असताना ती मुलाबरोबर आली. हातात नेहमीची डब्याची पिशवी, शिवाय एक खोका. भांडं टेबलावर आलं तेव्हा काट्याच्या प्रत्येक रेघेची कड सोनेरी भाजली होती. मिस्तरी तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"काका, बसा ना."

"स्लॅबखालच्या फळ्या काढताना मिस्तरी बसत नाही."

तिने एक घास घेतला. मग दुसरा. मग ताट पुढे केलं आणि अजून वाढून घेतलं. तिचा डबा पिशवीतच राहिला. मिस्तरी बसले.

जेवण झाल्यावर तिने लाजत खोका पुढे केला. "काकू, तुम्ही माझ्यासाठी गहूच घराबाहेर काढलात म्हणे. मला कसंतरीच वाटलं. म्हणून तुमच्यासाठी मैद्याचा केक केलाय. हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून. चव नाही बघता आली, पण."

आता या घरात मैदा ठेवायला जागा कुठे होती? केक गच्चीत गेला. लाटण्याशेजारी उभं राहून तिघांनी एकेक तुकडा उचलला. काचेच्या दाराआडून ती बघत होती.

मुलाचा जबडा मध्येच थांबला. "बाबा, यात साखरच—"

"गप्प," मिस्तरी ओठ न हलवता म्हणाले. "पहिलंच बांधकाम आहे तिचं."

काचेआडून तिने हाताने विचारलं, कसा झालाय? मिस्तरींनी मान डोलावली आणि दुसरा तुकडा उचलला. तो घशात कोरडा अडकला.

"पाणी दे गं."

"तराईला?" बाईंनी विचारलं.

"तराईला," मिस्तरी म्हणाले, आणि अख्खा तांब्या पिऊन त्यांनी तिसऱ्या तुकड्याला हात घातला.