मानाच्या जागेवरचं टेबल

शिमकेंत शहरातल्या कालवे आखणी कचेरीत सोमवारी सकाळी राउशानने शेवटचा खिळा ठोकला आणि दोन पावलं मागे सरून आपलं काम बघितलं. माणसांचं लक्ष कामात लागावं अशी कचेरी मांडून देणं हा तिचा धंदा, आणि हे तिचं पहिलंच काम. मुख्य इंजिनिअर तुर्सिनबेक आगांनी अट घातली होती. सारिबुलाकच्या कालव्याचा रखडलेला आराखडा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पुरा झाला तर वरच्या मजल्याचं कामही तिचं. नाही तर सगळं उखडून न्यायचं.

आराखडा काढणार होता एर्किन. त्याच्यासाठी तिने आवाज मोजत फिरून सगळ्यात शांत कोपरा निवडला. दारापासून लांब, पाठीशी भिंत, तोंड दाराकडे, भोवती आवाज अडवायला लोकरीचा जाड नमदा, खाली गालिचा. सगळं पुस्तकातल्यासारखं. पण इकडच्या रीतीने दारापासून सगळ्यात लांबची जागा थोरामोठ्यांची असते, हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि राउशानला ठाऊक असून सुचलं नव्हतं. शिकलेल्या माणसांचं हे असंच होतं.

एर्किनला बसून दहा मिनिटं झाली नसतील, तोच दप्तर सांभाळणाऱ्या कुल्याश आपा आल्या. त्या साठीच्या, हा अठ्ठावीसचा. आपा दाराशी वाऱ्यात आणि हा मानाच्या जागेवर, हे कसं दिसेल? एर्किन उठला. आपा "बस रे बाळा" असं दोनदा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत बसल्या.

मंगळवारी एक गावप्रमुख आले. ते आपांहून वर्षाने मोठे निघाले. आपा एक खुर्ची खाली सरकल्या, त्यांच्यामुळे पुढचा सरकला, आणि असं होत होत एर्किन मांडीवर फळी घेऊन जिन्यात पोचला. कोपऱ्यात पाहुणा म्हटल्यावर चहा आला, चहामागोमाग कणकेचे तळलेले बाउर्साक जिन्यापर्यंत आले, आणि आराखड्यातल्या कालव्याच्या उगमावर लोण्याचा डाग पडला.

राउशानने कोपऱ्यात पाटी लावली, 'येथे शांतपणे काम करावे'. आगांनी ती स्वतःच्या हाताने काढली.

"पाहुण्याला गप्प बस म्हणतेस, पोरी? उद्या लोकांना तोंड कुठे दाखवू?"

मग तिने एर्किनचं टेबल दाराशी हलवलं. तिथे येणारा प्रत्येक जण त्याच्याशी हात मिळवून आधी आईबापांची, मग पोराबाळांची आणि शेवटी गुरांची खुशाली विचारू लागला. न विचारून कसं चालेल? गुरुवार उलटला तरी आराखडा अर्धाच होता. राउशान पार रडकुंडीला आली.

शुक्रवारी दुपारी सारिबुलाकचे बेकझात आजोबा आले. वय चौऱ्याऐंशी, आणि आले होते कालव्यासाठी भांडायला. सगळे एकेक खुर्ची सरकले आणि आजोबांना कोपऱ्यात बसवलं. त्यांनी एक वाटी चहा घेतला, नमद्याला पाठ टेकली, आगांना झापण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवून झोपी गेले.

आता मानाच्या जागेवर झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवायचं कुणी? आगांनी ओठांवर बोट ठेवलं. आपांनी फोनची वायर काढली. दाराशी येणाऱ्यांनी एर्किनकडे बघून नुसती मान हलवली आणि त्याची गुरं तशीच राहिली. चार तास कचेरीत पेन्सिलीशिवाय आवाज नव्हता.

साडेचारला आजोबा जागे झाले आणि राहिलेलं भांडण सुरू करणार, तेवढ्यात एर्किनने पुरा झालेला आराखडा त्यांच्यापुढे धरला. ते जरा हिरमुसलेच.

आगा मात्र खूश झाले. "वरचा मजला तुझा," ते राउशानला म्हणाले. "असाच हवा. मात्र वर झोपवायच्या म्हाताऱ्याची सोय तुझी तू बघ."

तीन वर्षं आवाजाचं शास्त्र शिकलेल्या राउशानने जिन्यात जाऊन आपल्या आजोबांना फोन लावला आणि सोमवारपासून कचेरीत येऊन झोपाल का, असं विचारलं.

"झोपेन की," आजोबा म्हणाले. "पण आधी नीट चौकशी कर बाळा. माझ्याहून मोठा कुणी आला, तर मला उठावं लागेल."