तिसावा दिवस पाहणाऱ्या टिपणीसबाई

टिपणीसबाईंना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत, टाक्यांवरून येत. पनवेलच्या बाजारात कुणी वाकून नमस्कार केला, की त्या चष्म्यातून कोऱ्या नजरेने बघत राहत. मग तो बिचारा म्हणे, "मॅडम, मी उजवीकडचा हर्निया. शिमग्याच्या आधीचा." लगेच बाईंचा चेहरा उजळे. "अरे, तुम्ही होय! खालच्या कोपऱ्यात जरा ओढलं गेलं होतं. बघू!" आणि भर मासळीबाजारात त्या माणसाला पिशवी पोटाशी धरून पळ काढावा लागे.

बाई सर्जन होत्या. टपाल नाक्याजवळ त्यांचं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं आणि वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. मी त्यांच्याकडे नोकरीला लागलो ते २००८ साली, बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर. माझे वडील मिठागरावर काम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे मी मार्कशीटला प्लास्टिकचं कव्हर घालून घेऊन गेलो होतो. बाईंनी ती पाहिलीच नाही. विचारलं, "म्हात्रे, सायकल चालवता येते? आणि जे पाहिलं नाही, ते पाहिलं नाही असं म्हणता येतं?"

मी दोन्हींना हो म्हटलं. त्यातलं एकच खरं होतं.

बाईंचा एक अभ्यास चालू होता. टाके निघेपर्यंत पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. बाईंचं म्हणणं, ठाऊक असतं म्हणजे कुणी तपासलेलं नसतं. म्हणून हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या आणि अभ्यासाला सही देऊन तयार झालेल्या पेशंटला एक बंद पाकीट मिळे. आत 'आंघोळ' असेल तर दुसऱ्या दिवसापासून साबण लावून आंघोळ करायची. 'कोरडे' असेल तर टाके निघेपर्यंत पुसून घ्यायचं. मग तिसाव्या दिवशी जखम बघायची, आणि बघणाऱ्याला पाकिटातलं माहीत नसलेलं बरं.

पण आपली माणसं गप्प राहतात थोडीच? दार उघडायच्या आधी ओरडत, "मी आंघोळवाला हां!" त्यामुळे बाईंनी एक मंत्र तयार केला होता, "तोंड मिटा, नाडी सोडा." एका म्हातारीने मुलाचं पाकीट हातात घेऊन विचारलं होतं, "त्यापेक्षा देवीला कौल लावला असता तर?" बाई गंभीरपणे म्हणाल्या, "आजी, देवीला तुमच्या मनातलं कळतं. तुमचा मुलगा लाडका आहे हे बघून ती कौल देणार. पाकिटाला काही कळत नाही, म्हणून पाकीट." म्हातारीला ते पटलं. मला तर बी.एस्सी.च्या तीन वर्षांत इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

तिसावा दिवस हे बाईंचं वेड होतं. त्यांच्या मते ऑपरेशन टाका घातल्यावर संपत नाही, तिसाव्या दिवशी संपतं. कामोठ्याच्या एका हॉलमध्ये त्या लग्नाला गेल्या. वरपिता त्यांचा पेशंट निघाला. बोटं मोजून बाई म्हणाल्या, "आज तिसावा! चला." मंगलाष्टकं थांबली, भटजी अक्षता हातात घेऊन उभे आणि वरपिता पडद्यामागे नाडी सोडून. बाहेर येऊन बाईंनी आहेराच्या पाकिटावरच माप लिहून घेतलं, म्हणून आहेर राहून गेला. तळोज्याच्या एका कामगाराला शिफ्टमधून सुटता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला कंपनीच्या गेटवर धाडलं. चौकीत जखम पाहून होईपर्यंत वॉचमन मागे शर्ट वर करून उभा. "माझं अपेंडिक्स पण बघा साहेब, बारा वर्षं कोणी बघितलं नाय." मला आयुष्यात पहिल्यांदा साहेब म्हणणारा माणूस तो. मी नीट पाहिलं.

फोनवर विचारायची मात्र बंदी. "माणूस फोनवर 'बरं आहे' म्हणतो ना म्हात्रे, ते उत्तर नसतं, नमस्कार असतो."

मग माझ्याच काशिनाथमामाचं ऑपरेशन झालं. मामा जवळच्या कोन गावचा. पाकीट फोडल्याफोडल्या त्याने मला सांगून टाकलं की आंघोळ आली. तिसाव्या दिवशी मी फोन केला. मामा म्हणाला, "एकदम बरं हाय." घरचाच माणूस, त्यात दिवसभर ऊन. मी फॉर्मवर लिहिलं, 'पाहिले. जखम भरलेली.' आणि सही केली.

चार दिवसांनी मी सहज कोनला गेलो. मामा खाटेवर, लुंगी सैल, आणि बाजूला मेडिकलमधून आणलेली पावडर. जखमेचा एक कोपरा उघडा होता आणि त्यातून पाणी येत होतं. दोन आठवडे येत होतं.

"मामा, सांगितलं का नाही?"

"कसं सांगू?" मामा म्हणाला. "बाईंनी इतकं केलं आमचं. त्यांचा कागद खराब करू? आणि तुजी नोकरी नवी."

"आरं, मी रोज सांगतंय, जाऊन दाखवा," मामी चुलीपाशी तणतणली. "तं म्हनतात, भाच्याला बट्टा लागंल."

या नोकरीत जन्मात पहिल्यांदा माझ्या सहीला अधिकार आला होता आणि ही सही खोटी होती. शिवाय आंघोळीने काही बिघडत नाही, या मुद्द्यावर बाई शहरातल्या जुन्या सर्जन लोकांशी भांडत आल्या होत्या. हा एक फॉर्म त्यांच्या विरुद्ध जाणार होता. तो तसाच ठेवला तर कुणालाही कळणार नव्हतं, मामा तर बोलणार नव्हताच.

मी हॉस्पिटलात गेलो. बाई डबा खात होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. फोन केला, पाहिलं नव्हतं, 'पाहिले' लिहिलं, सगळं.

बाईंनी घास खाली ठेवला. "पू की पाणी?"

"पाणी."

"ताप?"

"विचारलं नाही."

"उघडा भाग किती सेंटिमीटर?"

"मोजला नाही."

"म्हणजे आजही तू पाहिलं नाहीस," त्या म्हणाल्या आणि फॉर्म काढला. मी खोडरबर शोधायला लागलो. "अंहं. मिटवायचं नाही. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही, आजची तारीख, सही." माझी चूक आणि माझी सही शेजारीशेजारी बसली. उद्यापासून येऊ नकोस, हे शब्द ऐकायची मी वाट बघत होतो.

"डबा झाक," बाई म्हणाल्या. "स्कूटर काढते."

कोनला मामाने त्यांना पाहिलं आणि चादर हनुवटीपर्यंत ओढली. "बाय, एकदम बरं..."

"तोंड मिटा!"

त्यांनी जखम धुतली, आतला सुटलेला दोरा काढला, मापं घेतली. मग अंगणात हात धुताना हळू आवाजात म्हणाल्या, "म्हात्रे, मला वाईट बातमी कुणी आणून देत नाही. सगळे पेढेच आणतात. बिघडलं की माणसं दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, मला वाईट वाटू नये म्हणून. मग मी सुधारायचं कसं?" नळ बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. "तू आणलीस. उद्या नऊला ये."

अभ्यासाची पाकिटं शेवटी उघडली, तेव्हा दोन्हीकडच्या जखमा जवळजवळ सारख्याच भरल्या होत्या. सर्जनांच्या सभेत बाईंनी ते मांडलं आणि माझा रेघ मारलेला फॉर्मही दाखवला. तोवर अर्ध्या खुर्च्या चहासाठी रिकाम्या झाल्या होत्या. मी आज एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी रेघ कशी मारायची ते शिकवतो. हे ज्ञान कोणाचं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे बोलवत नाही. वडिलांनी मला शाळेत घातलं, पण माझ्या सहीला किंमत आणली ती बाईंनी.

मामाचं ड्रेसिंग करायला त्या तीन आठवडे रोज स्कूटरवरून कोनला गेल्या. कंपाउंडरला पाठवता आलं असतं. मामी चहा देई, त्या ओट्यावर बसून पीत आणि मामीच्या कोंबड्यांची चौकशी करत. जखम पूर्ण भरली, मामाने पेढे आणले, ते बाईंनी मुकाट्याने घेतले.

पुढच्या रविवारी मी कोनला होतो. दुपारी स्कूटर दारात थांबली. बाईंच्या हातात बॅग नव्हती. मामी पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"जखम तं भरली बाय. आता काय बगायचं रायलं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारख्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. "रविवारी वर एकटीला जेवण जात नाही."

मामीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग चपला काढा नं. दारात काय उब्या रायल्या?" ती म्हणाली आणि आणखी दोन भाकऱ्यांचं पीठ परातीत ओतलं.