दोन मीटर बासष्ट

"मॅडम, शाळेबाहेर तुम्ही स्वतः कधी एखाद्या वस्तूचं पृष्ठफळ काढलंय का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती आणि दशांशने खरंच विचारून टाकलं. उत्तराचा शेवटचा दशांश काढल्याशिवाय ती पेन खाली ठेवत नाही, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं. मॅडमनी खडू ठेवला.

"नाही काढलं. आता तू काढ. उद्या वर्गापुढे सांग, काय उपयोग झाला ते. झाला नाही, तर धड्यातली सगळी उदाहरणं तू एकटी फळ्यावर सोडवायचीस."

दशांश दुपारी घरी पोचली तेव्हा आई शिलाई मशीनवर वाकली होती. समोर रोपवाटिकेच्या मालकीणबाईंची चिठ्ठी पडलेली. बागेतल्या गोल टेबलाला जमिनीपर्यंत येणारा अभ्रा हवा, व्यास नव्वद, उंची सत्तर, आज सहा वाजता न्यायला येते.

"पटकन जा आणि मीटरभर रुंद पन्ह्याचं हिरवं कापड साडेतीन मीटर आण," आई म्हणाली.

"साडेतीन कशावरून?"

"वीस वर्षांवरून!"

"आई, ही वृत्तचिती आहे! तळ सोडायचा, बाजू आणि वरचा गोल धरायचा." तिने वहीच्या मागच्या पानावर धडाधड आकडे मांडले. "दोन मीटर एकसष्ट पूर्णांक चार सेंटिमीटर. बासष्ट आणते, म्हणजे उरेलसुद्धा."

बाबांनी चष्मा पुसून आकडेमोड तपासली. "एक चूक नाही," ते अभिमानाने म्हणाले. आईचा धागा नेमका तेव्हाच तुटला, आणि तिच्या तोंडून नुसतं "आणा काय हवं ते" निघालं.

दुकानदारकाका म्हणाले, "ताग्यात शेवटचे साडेतीन मीटर आहेत, सगळंच ने." दशांशने वही दाखवली. काकांनी बासष्टवर कात्री मारली आणि उरलेला तुकडा मागच्या गिऱ्हाइकाने उशांसाठी उचलला.

आईने कापड जमिनीवर पसरलं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"बाजूला पावणेतीन मीटरच्या वर घेर लागतो. तो पुरवला की खाली उरते फूटभर रुंदीची पट्टी. आता यातून नव्वदचा गोल कुठून कापू, सांग ना!"

दशांशने पट्टीकडे पाहिलं. "पण क्षेत्रफळ तेवढंच आहे गं."

"क्षेत्रफळ टेबलावर अंथरू का?"

"उत्तर मात्र बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

"कलिंगडाच्या फोडींसारखे तुकडे कापून जोडू," दशांश म्हणाली. दुसरा मार्ग नव्हताच. आईने कापलं, जोडलं. पण प्रत्येक शिलाईने बोटभर कापड खाल्लं. वहीत शिलाई कुणी धरली होती? काठ जुळवला की मध्ये भोक पडे, भोक बुजवलं की काठ आखडे. तीनदा उसवलं. पावणेसहाला आईने काठ जुळवून सुई खोचली. मधोमध वाटीएवढं भोक तसंच राहिलं.

"माझं नाव गेलं," आई म्हणाली. दशांश जमिनीवरचे उसवलेले धागे वेचू लागली. उद्याचा फळा ती विसरूनच गेली होती.

सहाच्या ठोक्याला मालकीणबाई आल्या. अभ्रा उलगडला, आणि त्यांची नजर थेट भोकावर गेली.

"अगं बाई! छत्रीची दांडी टेबलाच्या मधून जाते, हे सांगायचंच राहिलं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं.

"आणि या फोडी किती छान दिसतात! अजून चार टेबलं आहेत. अगदी अस्से करा. कापड किती लागेल?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी वहीकडे पाहिलं. दशांशने वही मिटून दप्तरात टाकली आणि मालकीणबाई गेल्यावर दोघांसमोर ताठ उभी राहिली.

"मी ठरवलंय, आणि उद्या वर्गातही हेच सांगणार. कापड आई सांगेल तेवढंच आणायचं. पृष्ठफळ मी काढणारच, पण अभ्रा टेबलावर चढल्यावर!"