व्यंकोजीरावांचं थांबलेलं घोडदळ

व्यंकोजीरावांनी मला वरचा मजला दाखवला तेव्हा एकच अट घातली. पाहुणे चालतील, मटण चालेल, गाणी मोठ्यानं लावली तरी चालतील. पण सकाळी सात ते आठ जिन्यात पाय आपटायचे नाहीत. "त्या वेळेला आमचं सैन्य हलत असतं," असं ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी आधी जिन्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिले. म्हैसूरच्या कडेला हिनकलमधल्या त्या आटोपशीर दुमजली घरात सैन्य मावेल अशी जागा मला काही दिसली नाही. पण मी मूळची सांगलीची, हूटगळ्ळीच्या कारखान्यात नुकतीच नोकरीला लागलेली, आणि घरमालक मराठी बोलतो यावरच मी इतकी खूश होते की सैन्यासकट घर पसंत केलं.

मराठी बोलतो म्हणजे काय, ते पुढं कळलं. व्यंकोजीरावांचे पूर्वज घोडेस्वार म्हणून म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. त्यांचं वाक्य मराठीत निघतं, मधेच कन्नडमध्ये उतरून चहा पितं आणि सवडीनं परत येतं. "बाई, तुमी सुम्ने घाबरू नका. उत्तरेला बंड झालंय, पण स्वल्पच हाय. दुपारपर्यंत मिटवतो." हे मला दुधाची पिशवी देता देता सांगितलेलं वाक्य; सुम्ने म्हणजे उगाच. मी दोन दिवस वर्तमानपत्रात बंडाची बातमी शोधत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि राज्य दाखवलं. खोलीत एक जुना कॉम्प्युटर, आणि भिंतभर शिंपी लोक बेतण्यासाठी वापरतात तो खाकी कागद. त्यावर शिंप्याच्याच खडूनं काढलेले नकाशे: नद्या निळ्या, रस्ते पांढरे, शत्रू गुलाबी. शहरातल्या लष्कर मोहल्ल्यात व्यंकोजीरावांचं चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, तिथला शिल्लक माल असा राज्यकारभाराला लागला होता. कॉम्प्युटरच्या उंदराचं चाक अडलं तर ते मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतात. आयुधपूजेला तलवारीच्या जागी त्याच उंदराची पूजा होते. एका वर्षी की-बोर्डवर इतकं कुंकू पडलं की दोन अक्षरं बसली ती बसलीच. तेव्हापासून त्यांच्या राज्यातल्या अर्ध्या गावांना नीट नाव नाही.

राज्य म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ, पण बंदुकीनं ठो ठो करायचा नव्हे. त्याचं माहितीपुस्तकच एखाद्या कायद्याच्या ग्रंथाएवढं जाड. व्यंकोजीरावांची शाळा सातवीत सुटलेली. त्यांनी ते इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन एक वर्ष वाचलं आणि समासात कन्नडमध्ये टिपणं केली. त्या राज्यात मीठ संपतं, पूल वाहून जातात, सरदार रुसतात. चार तास डोकं लावून मोहीम काढावी आणि कळावं की तीन महिन्यांपूर्वी एका कोठाराचं छप्पर दुरुस्त करायचं राहिलं, धान्य कुजलं, आणि आता फौज उपाशी. दुसरा कुणी असता तर कॉम्प्युटर खिडकीतून फेकला असता. व्यंकोजीराव मात्र खुर्चीत मागं टेकून म्हणतात, "नोडी, बघा, कसं पकडलं मला!" आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू कुजलेलं धान्य दुसऱ्याचं होतं.

मला गणितात नेहमी चांगले मार्क मिळायचे, हे मी कुणालाही पाच मिनिटांत सांगते. त्यांनाही सांगितलं. "अस्सं? मग बसा की," म्हणाले आणि मला एक छोटं राज्य दिलं. मी तातडीनं भरपूर घोडदळ उभारलं, दिमाखात सीमा ओलांडली, आणि वाटेतच माझं सगळं घोडदळ बसलं.

"चारा?" व्यंकोजीरावांनी विचारलं.

"चारा पण द्यायचा असतो?"

"न्हाई तर काय? घोडं पेट्रोलवर चालतं व्हय?"

असे माझे सहा राज्याभिषेक आणि सहा अंत्यविधी झाले. दर वेळी त्यांचं म्हणणं एकच: "घाई कशाला? शत्रू कुठं पळून चाललाय?" घाई हा माझा स्वभाव आहे, त्याला मी काय करू? पण त्यांच्याकडे बघून मला खरोखर हेवा वाटायचा. एक माणूस तासभर एका पुलाचा विचार करतो आणि मग ठरवतो की पूल नकोच. आमच्या कारखान्यात असा एक माणूस असता तर आमचे निम्मे घोटाळे टळले असते.

पण सकाळचे सात हे या सगळ्याहून वेगळे. तो डाव त्यांच्या मुलीबरोबरचा. तुळजा कॅनडात नोकरी करते. एकानं आपली चाल खेळायची, डावाची फाईल ई-मेलनं पाठवायची, मग दुसऱ्यानं खेळून परत पाठवायची, असा तो प्रकार. ती रात्री जेवून खेळते, तेव्हा इथं सकाळ. बरोबर सातला कॉम्प्युटर टिंग करतो. त्याआधी व्यंकोजीरावांची अंघोळ, कपाळाला गंध, धुतलेला सदरा, सगळं झालेलं असतं. रोज एक चाल, आणि हा डाव चौथ्या वर्षात होता.

फोनवर बाप-लेकीचं बोलणं मी एकदा ऐकलं होतं. "जेवलीस?" "जेवले. तुमी?" "जेवलो. ठेवू?" "ठेवा." संपलं. काकू, म्हणजे व्यंकोजीरावांच्या पत्नी, होत्या तेव्हा फोन त्यांच्याकडे असायचा. व्यंकोजीराव मागं उभं राहून ऐकायचे आणि मधूनच "थंडी किती हाय विचार" म्हणायचे. काकू गेल्या आणि बोलणाराच माणूस गेला. मग तुळजानं हा डाव सुरू केला. आज तिनं आपल्या दक्षिणेला तळं बांधलं, काल तिचा सरदार आजारी पडला, असं ते मला चहा पिताना सांगायचे, आणि सांगताना नातवंडांचं कौतुक करणाऱ्या आजोबांसारखे दिसायचे.

गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठवडाभर पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. तुळजाला त्यांनी पत्ता लागू दिला नाही. "सांगितलं तर ती सुम्ने तिकीट काढून येईल. तिची नोकरी नवी हाय." मग डाव? तो मी चालवायचा, असं ठरलं. मी पडदा वाचून दाखवायची, त्यांनी डोळ्यावर पट्टी बांधून, हात मांडीवर ठेवून हुकूम सोडायचे. "पूर्वेच्या कोठारात धान्य भरा. तळ्याजवळचे शिपाई मागं घ्या. घोडदळ जिथं हाय तिथंच. आयतु, झालं, पाठवा."

दोन दिवस मी हुकूम पाळले. तिसऱ्या दिवशी त्यांना सकाळीच तपासणीला जायचं होतं. रिक्षा दारात उभी. "कालचंच आज करा," म्हणून ते गेले, आणि मी, गणितात हुशार असलेली, नकाशासमोर एकटी बसले.

तेव्हा मला तो दरवाजा दिसला. तुळजाच्या राजधानीचा पश्चिम दरवाजा. तिथं एकही शिपाई नव्हता. आणि व्यंकोजीरावांचं घोडदळ तिथून एका मजलेवर उभं, चारा भरलेला, घोडी ताजी. मी तीनदा तपासलं. बिचारे काका, म्हटलं, डोळ्यात मोतीबिंदू, इतकं समोरचं दिसलं नसणार! मी घोडदळ हलवलं. राजधानी पडली, नगारे वाजले, पडद्यावर सोनेरी अक्षरांत विजय झळकला. मी फाईल पाठवली आणि दिवसभर कारखान्यात अशी फिरले की दोघांनी मला बढती मिळाली का म्हणून विचारलं. संध्याकाळी पाव किलो पेढे घेऊन घरी आले.

"काका, जिंकलात! राजधानी घेतली!"

ते पेढा हातात धरून बसले. खाल्ला नाही.

"पाठवलंत?"

"हो, सकाळीच."

"हं. परवागिल्ला."

परवागिल्ला म्हणजे असू दे, काही बिघडलं नाही. पण ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून बरंच बिघडलं होतं हे मला कळलं. मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, तो दरवाजा मी दोन वर्सं बघतोय."

"मग घेतला का नाहीत?"

"घेऊन काय कराचं? डाव संपला की उद्यापासून फाईल कशाची येणार?"

 मी घाईघाईनं म्हटलं की नवा डाव सुरू करा. ते मान हलवत राहिले. "तिला वेळ कुठला? हा चालला होता म्हणून चालला होता. नवा मांड म्हणून सांगाचं म्हणजे..."  मग मलाच वाईट वाटू नये म्हणून त्यांनी तो पेढा खाल्ला, आणि चांगला आहे म्हणाले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच खाली गेले. अंघोळ, गंध, धुतलेला सदरा, डोळ्यावर हिरवी पट्टी. कॉम्प्युटर मी लावून दिला. सात वाजले. टिंग झालं नाही. व्यंकोजीराव उठून खिडकी नीट लावायला लागले, जी आधीच नीट लागलेली होती. तेवढ्यात फोन वाजला. एका डोळ्यानं त्यांना बटण नीट दिसेना म्हणून मीच घेतला आणि स्पीकर लावला.

"अप्पा? अप्पा, चेन्नागिद्दीरा? बरे हायत ना? खरं सांगा!"

"बरा हाय गं. जेवलीस?"

"जेवण राहू दे! काल कोण खेळलं?"

 तुळजाचा आवाज फुटला. "तो मूव्ह तुमचा न्हाई. तो गेट तुमी कधीच घेणार न्हाई, मला माहीत हाय. म्हणून तर दोन वर्षं मी तिथं गार्डच ठेवत न्हाई. आता फाईल उघडली, बघितलं, आणि मला वाटलं अप्पाला काय तरी झालं. दुसरंच कोण तरी बसलंय अप्पाच्या खुर्चीत."

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले. व्यंकोजीरावांनी ऑपरेशनचं सांगितलं. ती रडली, मग भांडली, मग परत रडली. "ती फाईल मी टाकून दिली. त्याच्या आधीची परत पाठवते. डोळा बरा होऊ दे, मग तुमीच खेळा. मी थांबते, अल्वा? थांबू ना?"

"थांब," ते म्हणाले. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याचं काही सांगितलं नव्हतं. मी कापूस दिला. त्यांनी तो हातातच धरला आणि मग, मी ऐकते आहे याची फिकीर न करता, लेकीला म्हणाले:

"तवर त्या दरवाज्यावर स्वल्प शिपाई ठेव गं. आमच्या वरच्या बाई लई धोक्याच्या हायत."

त्या दिवशी ते फोनवर पाऊण तास बोलले. मी कारखान्यात उशिरा पोचले, आणि कारण काही कुणाला सांगितलं नाही.